ढग दिसला की बाहेर: काइटबोर्डिंग आणि वादळ, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात काइटबोर्डिंगची ओळख करून दिली होती, म्हणजे पायाखाली बोर्ड, कमरेला हार्नेसचा पट्टा, वीस-चोवीस मीटर लाइन्सच्या (दोऱ्यांच्या) टोकाला हवा भरलेला मोठा काइट आणि वारा तुम्हाला पाण्यावरून ओढत नेतो तो खेळ. २०२४ च्या ऑलिम्पिकमधे मार्सेलच्या समुद्रावर हा पहिल्यांदा खेळवला गेला आणि तेव्हापासून आपल्याकडची पोरं पण विचारायला लागलीयेत, समुद्र आपल्यापासून लांब असला तरी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून जे प्रश्न आले त्यातले बरेचसे वादळाबद्दलचे आहेत, म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. मला स्वतःला पण या खेळात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, उड्या वगैरे नंतर.

प्रश्न: दादा, एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघं मित्र गोव्याला गेलो होतो, आरंबोलला कोर्स लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक नंबर वारा होता, डोक्यावर ऊन, समुद्राकडे आभाळ निळं, आणि इन्स्ट्रक्टरने सगळ्यांना बाहेर बोलवून काइटमधली हवा काढायला लावली. लांब डोंगराकडे एक ढग होता फक्त. पाऊस तर आलाच नाही. अख्खा सेशन गेला, पैसे पण परत नाही. एवढं घाबरायची गरज असते का? (जळगाव)

उत्तर: भाऊ, सेशन गेला याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण तुमच्या इन्स्ट्रक्टरने जे केलं ते अगदी बरोबर केलं आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच्याकडेच जा असं मी सांगेन.

कसंय, आपण वादळ म्हणजे पाऊस असं धरून चालतो, आणि पाऊस डोक्यावर आला की पळायचं. काइटवाल्यासाठी ते खूप उशिराचं झालं. त्या उंच ढगात, ज्याचा माथा फुलकोबीसारखा वर वर चढत जातो, तिथे पाऊस पडायला लागला की थेंबांबरोबर थंड हवा खाली यायला लागते, ती थंड म्हणून जड, जमिनीवर आदळते आणि मग चारी बाजूंना पसरते. ही पसरणारी हवा पावसाच्या पुढे पळते. ढग पंधरा-वीस किलोमीटर लांब असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि तरी तो वारा तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. आपल्या खानदेशात तुम्ही हे लहानपणापासून बघितलंय फक्त त्या नजरेने बघितलं नसेल. मे महिन्यात दुपारी सातपुड्याकडून काळं येतं, आधी धुळीचा लोट येतो, दारं आपटतात, पत्रे उडतात आणि पाऊस कधी कधी चार थेंब. चार थेंबच का, तर खालची हवा इतकी कोरडी असते की पाऊस जमिनीवर पोचायच्या आधी हवेतच वाळून जातो, आणि तो वाळताना हवा अजून थंड करतो, म्हणजे खाली येणारा झोत अजून जोरात. म्हणून पाऊस आला नाही म्हणजे वादळ आलं नाही असं समजू नका, न बरसणाऱ्या ढगाचा वारा जास्त वाईट असू शकतो.

आता गोव्याचं वेगळं सांगतो. तिथला रोजचा दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, थोडा तिरपा. तो चांगला, कारण काही बिघडलं तरी तुम्ही किनाऱ्याला येऊन पडता. एप्रिल-मे मधे दुपारनंतर सह्याद्रीवर ढग उभे राहतात आणि काही दिवशी ते किनाऱ्याकडे सरकतात. त्या ढगाचा वारा डोंगराकडून समुद्राकडे जाणारा! म्हणजे अर्ध्या मिनिटात वारा उलटा फिरतो, जोर दुप्पट होतो आणि तुम्ही ज्या काइटला बांधलेले आहात तो तुम्हाला किनाऱ्याकडे न आणता खोल समुद्रात ओढून नेतो. हे कळल्यावर मला सांगा चार वाजता बाहेर काढलं ते लवकर झालं का.

आणि दुप्पट जोर म्हणजे दुप्पट ओढ नसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास, त्या वाऱ्यासाठी तुम्ही बारा चौरस मीटरचा काइट लावलाय आणि झोत आला ३० नॉटचा, तर तुमच्या कमरेला चौपट ओढ बसते, आणि ३५ नॉटचा आला तर पाचपटीहून जास्त. वजन ७० किलो असो की ९०, माणूस उचलला जातो. माणसं अशी उचलली जाऊन किनाऱ्यावरच्या दगडांवर, भिंतींवर, गाड्यांवर आदळलेली आहेत, या खेळातल्या वाईट अपघातांत असे जमिनीवर आदळलेले खूप असतात. म्हणून हवा काढायला लावली ते पण बरोबर. हवा भरलेला काइट वाळूवर नुसता पडून असेल आणि वर दोन मुठी रेती टाकली असेल तर तसला वारा त्याला उचलून नेतो, आणि जाताना लाइन्स कोणाच्या पायात गुंततील ते सांगता येत नाही.

प्रश्न: भाऊ मी वरणगावचा. ओळखीत एक सेकंडहॅन्ड काइट मिळतोय, स्वस्तात. हतनूरचं बॅकवॉटर घरापासून जवळ आहे, पाणी भरपूर, वारा भरपूर, मे मधे कॉलेजला सुट्टी. व्हिडिओ बघून शिकता येईल का? पोहता चांगलं येतं.

उत्तर: नाही. मी तुझा उत्साह मारत नाहीये पण या प्रश्नाला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि का ते सविस्तर सांगतो म्हणजे तुला नुसतं नाही म्हटल्यासारखं वाटणार नाही.

मे मधे आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जमीन तापते आणि वारा सरळ राहतच नाही. समुद्रावरचा वारा हजारो किलोमीटर सपाट पाण्यावरून येतो, एकसारखा असतो. धरणावरचा वारा शेतं, बांध, झाडं, गावं ओलांडून येतो, तो तुटक असतो, एक मिनिट काहीच नाही आणि पुढच्या मिनिटाला दाणकन. त्यात वावटळी. वावटळ यायला ढग लागत नाही बरं का, स्वच्छ उन्हात येते, सुकलेल्या गाळावरून गोल फिरत येते आणि काइट तिच्या तोंडात सापडला तर सरळ वर. शिकलेली माणसं सुद्धा वावटळी उठणाऱ्या जागी काइट उघडत नाहीत.

मग काठ. बॅकवॉटरच्या काठाला मोटारी, पाइप, विजेचे खांब, तारा, पाण्याखाली बुडालेली बाभळीची खोडं, कोळ्यांची जाळी. तुझ्या लाइन्स चोवीस मीटर आणि वर काइट, म्हणजे तारेपर्यंत सहज पोचणारी उंची. वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला निदान दोन लाइन्सएवढी मोकळी जागा पाहिजे, पन्नास मीटर धर, आणि तिथे एकही खांब झाड भिंत नको. अशी जागा धरणाच्या काठाला शोधून दाखव. आणि समजा दुपारी चारला सातपुड्याकडून काळं आलं, तर तुला पाण्यातून काढायला कोण आहे? बोट नाही, काइट कसा धरायचा हे माहीत असलेला माणूस काठावर नाही. पोहता येणं इथे कामाला येत नाही, तू बुडत नसतोस, ओढला जात असतोस.

पावसाळ्यात तर विचार पण नको. हतनूरचे ४१ दरवाजे आहेत, तापी उगम पावते मुलताईला, पाऊस तिकडे बैतूल बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात विदर्भात पडतो आणि इथे कोरडं असताना पाणी चढतं, दरवाजे उघडतात, ओढ सुरू होते. शिवाय धरणाच्या पाण्यात उतरायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, आणि हिवाळ्यात तिथे परदेशातून पक्षी येतात, त्यांच्यावर एवढा मोठा काइट फिरवणं मला तरी बरं वाटत नाही.

जुन्या काइटबद्दल पण. स्वस्तातला जुना काइट म्हणजे बऱ्याचदा जुना बार, म्हणजे हातात धरून काइट चालवायचा दांडा, आणि जुनं क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात तोडायचा खटका, ते गंजलेलं अडकलेलं असतं. वादळात तुला वाचवणारी एकच वस्तू असते ती म्हणजे क्विक रिलीज, आणि तिथेच तू पैसे वाचवणार का. त्यापेक्षा असं कर, दोन-तीन चौरस मीटरचा ट्रेनर काइट मिळतो, तो घेऊन थंडीत सकाळी हलक्या वाऱ्यात मोठ्या मोकळ्या मैदानावर, तारा नसलेल्या जागी, हात बसव. काइट आकाशात कुठे असला की ओढतो आणि कुठे शांत राहतो हे कळायला तेवढं पुरतं. मग भुसावळहून गोवा एक्सप्रेस आहेच, पैसे साठव आणि एक नीट कोर्स कर.

प्रश्न: नमस्कार. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, डिसेंबरात मैत्रिणींबरोबर रामेश्वरमला हे काइटबोर्डिंग शिकायला जाणार म्हणते. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाच्या बातम्या टीव्हीवर बघते आणि जीव घाबरा होतो. तिला नाही म्हणू का? (नंदुरबार)

उत्तर: मावशी, नाही म्हणू नका, पण तिला काही प्रश्न विचारायला लावा. तुमची काळजी बिनबुडाची नाहीये हे आधी सांगतो. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा मुख्य काळ आहे आणि डिसेंबर त्यातून सुटत नाही. रामेश्वरमच्या टोकाला धनुष्कोडी आहे ना, ते गाव १९६४ च्या डिसेंबरातच, २२-२३ तारखेच्या रात्री चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालं, पांबनहून आलेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गेली. आज लोक तिथले पडके अवशेष बघायला जातात.

पण १९६४ आणि आत्ता यात फरक आहे. आता समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की हवामान खातं काही दिवस आधीपासून बुलेटिन काढतं, वादळ कुठे कधी पोचेल ते नकाशावर दाखवतं, पांबन बंदरावर इशाऱ्याचा बावटा चढतो, कोळ्यांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगतात. त्यामुळे चक्रीवादळात नकळत सापडायचं कारण नाही, फक्त बुलेटिन आलं की ट्रिप पुढे ढकलायची तयारी हवी. तिकीट काढलंय, हॉटेल बुक आहे, सगळ्याजणी निघाल्यात, या गोष्टी माणसाला ढकलत नेतात. म्हणून तिला म्हणा तिकीट असं काढ की रद्द करता येईल.

रामेश्वरमला दोन सीझन असतात, एक उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंतचा नैऋत्येकडच्या वाऱ्याचा आणि दुसरा साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडच्या वाऱ्याचा. निवडायचं असेल तर जानेवारीनंतर जा म्हणावं, चक्रीवादळांचा काळ सरलेला असतो आणि वारा पण स्थिर झालेला असतो.

आता प्रश्न. जिथे कोर्स करणार त्यांना फोन करून विचारायचं की रेस्क्यू बोट आहे का आणि ती सेशन चालू असताना पाण्याजवळ तयार असते का. एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी. हेल्मेटमधे रेडिओ असतो का, म्हणजे लांबून बोलावता येतं. खराब हवेमुळे दिवस रद्द झाला तर पैसे किंवा दुसरा दिवस मिळतो का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दिवस रद्द केला की ज्याचं नुकसान होतं तो माणूस ढगाकडे बघायचं टाळतो. आणि शेवटचा, सगळ्यांना बाहेर काढायचं हे कोण ठरवतं. एका माणसाचं नाव लगेच सांगितलं तर बरं, कोणी तरी बघतं असं म्हणाले तर दुसरीकडे जा.

प्रश्न: वीज किती लांब पडली ते मोजायचं कसं? (चोपडा)

उत्तर: चमकली की सेकंद मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा, तीन सेकंदाला एक किलोमीटर धरा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. पण हे शेतासाठी, रस्त्यासाठी. काइटवाल्याने मोजत बसू नये. सपाट पाण्यावर वीस-चोवीस मीटर वर गेलेल्या ओल्या दोऱ्यांना तुम्ही कमरेने बांधलेले असता, आसपास त्याच्याएवढं उंच काहीच नसतं. गडगडाट कानावर आला, कितीही बारीक, की काइट खाली. बारला हात लावल्यावर चटके बसायला लागले, लाइन्स गुणगुणायला लागल्या, अंगावरचे केस उभे राहिले तर त्याच क्षणी काइट सोडून द्या.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आहे, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं, फुकट आहे, मराठीत चालतं. काइटवाल्यांनीच नाही, शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाने फोनमधे टाकावं. आपल्या देशात विजेने दरवर्षी दोन हजारांवर माणसं जातात आणि त्यात शेतातली, झाडाखाली थांबलेली फार असतात. किनाऱ्यावर आल्यावर पण तेच, नारळाखाली किंवा चार बांबूंच्या झोपडीत थांबू नका, पक्की इमारत नाहीतर काचा वर केलेली गाडी.

प्रश्न: मी दोन सीझन काइट करतोय, गोव्यातच. समजा सगळी काळजी घेऊन पण पाण्यात असताना झोत आलाच, तर नेमकं काय करायचं? प्रत्येकजण वेगळं सांगतो. आणि आमच्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या आहेत, तिथे माळावर चाकाच्या बोर्डवर सराव केला तर? (धुळे)

उत्तर: आधी पवनचक्कीचं, ते थोडक्यात आहे. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे फिरती पाती आहेत आणि तारा आहेत, तिथे काइट उघडायचाच नाही. पण पवनचक्कीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, वारा साधारण सेकंदाला २५ मीटरच्या वर गेला, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, की ती आपोआप पाती वळवून बंद होते. तिचा आकडा आधीच ठरलेला असतो. तुमचा पण पाण्यात उतरायच्या आधी ठरलेला पाहिजे, आणि तो ९० च्या कितीतरी खालचा. माझ्याकडे जो काइट आहे तो इतक्या नॉटपर्यंत, त्यापुढे मी बाहेर, असं सोबतच्या माणसाला तोंडाने सांगून ठेवा म्हणजे मग मोडवत नाही.

आता झोत. सगळ्यात पहिली गोष्ट, काइट बाराला, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखा सरळ डोक्यावर, ठेवून उभं राहायचं नाही. शिकताना आपल्याला सांगतात की बाराला काइट शांत असतो, ते स्थिर वाऱ्यात खरं आहे. झोतात बाराचा काइट तुम्हाला सरळ वर उचलतो, आणि वरून खाली आणायची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून वारा संशयास्पद वाटला की काइट एका बाजूला खाली, पाण्याजवळ ठेवून किनाऱ्याकडे निघायचं.

झोत लागला, ओढ सहन होईना, तर बार सोडा. दोन्ही हात. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला सगळ्यात अवघड, कारण घाबरलेला माणूस हातात जे आहे ते घट्ट धरतो, आणि बार घट्ट धरला की तो अंगाकडे ओढला जातो, आणि बार अंगाकडे आला की काइटची ताकद अजून वाढते. अपघातांचे व्हिडिओ नीट बघा, शेवटपर्यंत हात बारवर असतात. बार सोडल्यावरही काइट ओढतोय तर क्विक रिलीज ढकला, मग काइट एकाच लाइनवर लोंबकळतो आणि त्याची बरीच ताकद जाते. तरीही ओढतोय, किंवा पुढे दगड आहेत, तर सेफ्टी लीशचं, म्हणजे त्या शेवटच्या लाइनला तुम्हाला जोडणाऱ्या पट्ट्याचं, रिलीज पण मारा आणि काइट जाऊ द्या. काइट महाग आहे, लाखाच्या घरात जातो, मला माहितीये, पण त्या सेकंदाला पैशाचा विचार डोक्यात आलाच नाही पाहिजे, आणि त्यासाठी तो विचार घरी करून संपवायचा असतो.

रिलीज प्रत्येक वेळी पाण्यात उतरायच्या आधी एकदा मारून बघायचं. रेती अडकते, मिठाने जाम होतं, ते गोड्या पाण्याने धुवायचं. डोळे मिटून, डाव्या हाताने, उजव्या हाताने, दोन्हींनी जमलं पाहिजे. हार्नेसला हुकसारखी छोटी सुरी ठेवा, लाइन्स पायाला गुंतल्या तर कापायला.

काइट लोंबकळला आणि तुम्ही किनाऱ्यापासून लांब आहात, तर आधी सेफ्टीची लाइन बारवर गुंडाळायची, मग बाकीच्या, आणि सावकाश काइटपर्यंत पोचायचं. हाताला गुंडाळायची नाही कधीच, झोत आला तर ती लाइन बोटं कापते. काइटमधे हवा आहे तोपर्यंत तो तरंगतो, त्याला धरून राहायचं, तो ओढत नसेल तर त्याला सोडून पोहत सुटायचं नाही. एकटं डोकं पाण्यात बोटीवाल्याला दिसत नाही, रंगीत काइट दिसतो.

किनाऱ्याजवळ असाल तर डोक्यावर हात थोपटून दाखवा, ती काइट उतरवायला मदत करा अशी खूण आहे, सगळ्या जगात चालते. मात्र ज्याला माहिती नाही त्याने धावत येऊन लाइन्स पकडू नयेत. आपल्याकडे माणूस अडचणीत दिसला की दहा जण धावतात, मनाने चांगली माणसं, पण ताणलेली लाइन हातात आली की तळहात चिरला जातो. मदत करायची तर काइट खाली आल्यावर त्याच्या पुढच्या फुगलेल्या कडेला धरायचं, आणि सुटलेल्या काइटच्या मागे कोणीच पळायचं नाही.

प्रश्न: आमची रावेरला केळी आहे. भाचा हा खेळ खेळतो. त्याला म्हटलं आमच्याकडे येऊन रहा, वादळ कधी येणार ते शेतकऱ्याला आधी कळतं. त्याला पटत नाही, तो मोबाइल बघतो. कोण बरोबर?

उत्तर: आप्पा, दोघंही, पण शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही. केळी उभी असताना वादळ काय करतं हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको, मे-जूनमधे एका वावधानात वर्षाची मेहनत आडवी होते, आणि म्हणून तुमची नजर आभाळावर असते.

मोबाइलवर जो फोरकास्ट दिसतो तो सकाळी चांगला उपयोगी पडतो. आज दुपारनंतर गडगडाटी पावसाची शक्यता आहे का, हवामान खात्याने जिल्ह्याला पिवळा की नारिंगी इशारा दिलाय, वाऱ्याच्या आकड्याशेजारी झोताचा वेगळा आकडा असतो तो सरासरीपासून किती लांब आहे, सरासरी १४ नॉट आणि झोत २८ असं दिसलं तर भाच्याने सकाळीच ठरवावं की दुपारी जायचं नाही. काइट पण सरासरी बघून निवडायचा नसतो, झोत बघून निवडायचा. पण एक ढग नेमका कुठे उभा राहील हे तो फोरकास्ट सांगू शकत नाही. तासाभराचं रडार आणि तीन तासांचा तात्काळ इशारा थोडंफार सांगतो, आणि पाण्यात गेलेल्या माणसाच्या हातात मोबाइल नसतो.

तेव्हा तुम्ही बघता तेच कामाला येतं. दुपारी ढग आडवे न पसरता उभे वाढायला लागले. माथ्याची कड आधी कोबीसारखी खरखरीत होती ती पुसट होऊन आडवी पसरली, म्हणजे ढग पूर्ण वाढला. ढगाच्या खाली काळी सपाट कड पुढे आली. क्षितिजावर धूळ उभी राहिली. मातीचा वास आला, म्हणजे जवळ कुठेतरी पाऊस पडतोय आणि तिकडची हवा तुमच्याकडे निघालीये. अंगाला एकदम गार लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारं पडलं. चांगला वाहणारा वारा अचानक पडतो, पान हलत नाही, पाखरं गप्प होतात, तेव्हा शेतकरी म्हणतो आता येणार, आणि काइटवाला म्हणतो अरे वारा गेला, मोठा काइट काढू. हा जो मोठा काइट काढण्याचा मोह आहे ना त्याने घात होतो. ढग जवळ असताना वारा पडला की काइट खाली, हवा काढून, गुंडाळून.

भाच्याला मेच्या एखाद्या दुपारी नक्की बोलवा, नुसतं बांधावर उभं राहून बघायला. मोबाइल पण आणू दे, रडारवर काय दिसतं आणि समोर काय दिसतं ते शेजारी शेजारी बघता येईल.

प्रश्न: वादळ येऊन गेल्यावर मस्त वारा राहतो असं मित्र सांगतात, तेव्हा किती वेळाने उतरावं? (अमळनेर)

उत्तर: शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास. मधे परत गडगडलं तर घड्याळ परत शून्यावर. वीज ढगाच्या मागच्या बाजूने पण पडते, पाऊस थांबून ऊन पडल्यावर पडते.

अर्ध्या तासानंतर पण लगेच काइटमधे हवा भरायला घेऊ नका, आधी वारा बघा. वादळ गेल्यावर बऱ्याचदा वारा एकदम मरतो, मग दुसऱ्याच दिशेने थोडा वेळ येतो, परत पडतो. त्यात उतरलात तर आत गेल्यावर काइट पाण्यात पडतो आणि उठत नाही. वारा रोजच्या दिशेला परत आला, निदान पंधरा-वीस मिनिटं एकसारखा राहिला आणि पलीकडे दुसरा ढग वाढत नाहीये अशी खात्री झाली तरच. एका रांगेत दोन-तीन ढग येणं एप्रिल-मे मधे आणि ऑक्टोबरात नेहमीचं आहे, पहिला गेला म्हणून निवांत झालेली माणसं दुसऱ्यात सापडतात.

तोपर्यंत संध्याकाळ होत आली असेल तर त्या दिवशी राहू द्या. काइट मात्र ओला गुंडाळून बॅगेत कोंबू नका, सावलीत पसरून वाळवा नाहीतर बुरशी धरते, आणि बार गोड्या पाण्याखाली धरून रिलीज दोन-चारदा उघडझाप करा.